लगद्यातले अक्षर

१

वैशाख लागला, की शांतम्माच्या अंगणातला मातीचा डेरा भरून जाई. वर्षभर माळ्यावर साठलेले कागद त्यात भिजत पडत. वाण्याच्या पुड्या, फाटकी पंचांगे, लग्नाच्या पत्रिका, कचेरीच्या पावत्या, सारे त्यात येई. आठ दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे. मग भिजल्या मेथ्यांबरोबर उखळात घालून लोण्यासारखा लगदा होईपर्यंत कुटायचे. पालथ्या घागरीला राखेचा हात फिरवून त्यावर तो लगदा बोटभर जाडीने थापायचा आणि उन्हाच्या हवाली करायचा. उमरग्याहून सास्तूरकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरच्या त्या गावात उन्हाला कमतरता नव्हती. तिसऱ्या दिवशी टोपली आपणहून घागर सोडी. मग चिंचोक्याची खळ, वरून गेरू, काठाला चुन्याचे ठिपके. जे केरात जायचे, ते भाकऱ्या ठेवायला घरात परत येई. मोडलेल्याला पुन्हा घडवतो तो देव, असे कीर्तनकार सांगत. शांतम्माला ते उखळापाशी बसल्यावर अधिक पटे.

कागद निवडायचे काम तिच्या नवऱ्याचे, माणिकप्पाचे. सकाळची लिंगपूजा आटोपली, की तो सोप्यात बसून एकेक कागद डोळ्यांसमोर धरी. त्याच्या घराण्याचा एक नेम होता. देवाचे नाव असलेला कागद नदीला, जिवंत माणसाच्या हातचे अक्षर पेटीला आणि उरलेले डेऱ्याला. लिहिलेले पाण्यात घालणे म्हणजे निरोप देणे, असे त्याचे वडील सांगत. ज्याला निरोप द्यायचा नाही, त्याचे अक्षर भिजवायचे नाही.

माणिकप्पाला कानडी येई, बाळबोध येई, मोडीही लागे. उर्दूचा मात्र त्याला गंध नव्हता. उर्दू म्हणजे कचेरी, आणि कचेरीच्या कागदात देवही नसतो, आपले माणूसही नसते, अशी त्याची समजूत होती. त्यामुळे उर्दू दिसले, की तो कागद न पाहताच डेऱ्याकडे सरकवी.

त्यांचा एकुलता एक मुलगा सिद्धेश्वर संक्रांतीनंतर निजामी हद्द ओलांडून सोलापूरच्या अंगाला गेला होता. तिथे निजामाविरुद्ध लढायला मुलखातून निघालेल्या तरुणांचे तळ पडले होते. जाताना म्हणाला होता, “वैशाखापातूर येतो, आई.” त्यानंतर ना चिठ्ठी, ना निरोप. शांतम्मा त्या वर्षी टोपल्या थापायला बसली ती हात रिकामे राहू नयेत म्हणून. हात रिकामे राहिले, की मन हद्दीपलीकडे जाई.

२

त्या वर्षी पाच टोपल्या थापल्या. चार वाळल्या, पाचवी वाळेना.

आधी तिला वाटले, लगदा जाड बसला असेल. मग वाटले, त्या कोपऱ्यात निंबाची सावली येत असेल. तिने घागरीसकट टोपली माळवदावर नेली. वरची माती इतकी तापलेली, की अनवाणी पाऊल ठेववेना. सहाव्या दिवशी बाहेरून टोपली खडखडीत झाली, म्हणून तिने ती घागरीवरून उतरवली. आत हात घातला आणि हात ओला झाला. आदल्या दिवशीच्या पाण्याचा कोमट ओलावा तो नव्हता. उन्हातून चालून आलेल्या माणसाच्या पाठीला असतो तसा ओलावा होता. तिने बोट जिभेला लावले. खारट लागले.

शेजारची धुरपदाबाई नेमकी तेव्हाच जिना चढून वर आली.

“अगं बया, शांताक्का! उन्हात टोपली वाळत घातलीस का स्वतःला?”

“ही एकच मेली वाळंना झालीय.”

“वाळंल की. गेल्या साली तू दिलेली टोपली अजून नवी हाय बग. उंदीर येतोय, हुंगतोय आन् तोंड वाकडं करून जातोय. तुज्या मेथ्या त्येलाबी कडू लागत्यात.” धुरपदाबाई हसली आणि टोपली उचलायला वाकली. उचलली, तशी लगेच खाली ठेवली. “लई जड हाय गं. आत काय ठिवलंस?”

“काय न्हाय. रिकामी हाय.”

धुरपदाबाईने पुन्हा आत डोकावून पाहिले. मग पदराला हात पुसत ती म्हणाली, “मला आपली वाळल्यालीच दे,” आणि आली त्यापेक्षा लवकर उतरून गेली.

३

शांतम्माने टोपली खाली आणून सोप्यातल्या खिडकीत ठेवली. दुपारी वाऱ्याची झुळूक तिथे येई.

दुपारी गाव निजले, की ती त्या खिडकीखाली डाळ निवडत बसे. तिसऱ्या दुपारी तिच्या कानावर आवाज आला. कुर्र… कुर्र… थोडे थांबून पुन्हा कुर्र. उंदीर म्हणावा तर उंदराला असा ताल नसतो. भुंगा लाकूड पोखरत असेल म्हणून तिने खिडकीची चौकट बोटांनी ठोकून पाहिली. चौकट सागवानी होती, निरोगी होती. आवाज टोपलीतून येत होता, आणि तो तिच्या ओळखीचा होता.

शांतम्माला अक्षर ओळखता येत नव्हते. मुलाचा अभ्यास तिला कानांनीच ठाऊक होता. याच खिडकीत बसून सिद्धू बोरूने लिहीत असे. खरखरीत कागदावर बोरू असाच कुरकुरे, शाईत बुडवायला थांबे आणि पुन्हा कुरकुरे. तो आवाज चालू आहे तोवर पोर घरात आहे, असे समजून ती चुलीपाशी निर्धास्त असे.

तिने टोपली उचलली. आवाज थांबला.

उजेडाकडे वळवून तिने आतली बाजू पाहिली. कितीही कुटले तरी लगद्यात अक्षरांचे कण राहतात, मोहरी सांडावी तसे. या टोपलीतही तसे काळे कण तिने पाहिले होते. आता ते विखुरलेले नव्हते. टोपलीच्या आतल्या भिंतीवर एक ओळ धरून ते बसले होते, आणि ओळ अर्धीच होती.

तिच्या मनात पहिली आली ती भीती नव्हे. नदीत बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी कोरड्या ठणठणीत वर आल्या, ही संतांची गोष्ट तिने कीर्तनात कितीदा तरी ऐकली होती, आणि दर वेळी तिचे डोळे भरून आले होते. पाण्याने अक्षर परत दिले असेल, तर ते देवाच्याच इच्छेने दिले असेल. तिने टोपलीपुढे हात जोडले. जोडलेले हात ओले होते. तिथे वह्या कोरड्या वर आल्या होत्या, हे तिला मग आठवले.

४

मुन्शी धोंडप्पा तीस वर्षे तहसीलीत उर्दू लिहून घरी बसला होता. टोपलीतली ओळ उर्दूत आहे एवढे माणिकप्पाने ओळखले आणि त्याला बोलावून आणले. एका कानाला दोऱ्याने बांधलेला चष्मा सावरत तो सोप्यात टेकला.

“हुकूम वाचले, समन्स वाचले, फाशीचा कागदसुदिक वाचला. टोपली वाचायची पाळी आजच आली, वैनी. मेहनताना काय? भाकरी का नुसतीच टोपली?”

“आधी वाचा तर. मग धपाटं घालते खायला.”

“मग जोरात वाचतो.” त्याने टोपली गुडघ्यांत धरून खिडकीकडे कलती केली. ओठ हलले. मग तो मोठ्याने हसला. “अरे, ही तर मदरशातली दरख्वास्त! रजेचा अर्ज. पोरांकडून घोटून घेत्यात. ‘बखिदमत जनाब सदर मुदर्रिस साहेब. गुजारिश है कि फिदवी हाजिर होने से माजूर है, क्यूंकि…’ म्हंजे, हेडमास्तर साहेब, आपला सेवक हजर राहू शकत न्हाय, कारण की. पुढं कोरं हाय.”

माणिकप्पा भिंतीला टेकला. “निळ्या दोऱ्यानं बांधल्याला गठ्ठा होता,” तो हळूच म्हणाला. “म्या कचेरीचा समजलो.”

शांतम्मा त्याच्याकडे पाहत राहिली. “आपल्या पोराच्या वह्या व्हत्या त्या?”

“उमरग्याच्या शाळंतल्या असणार.”

“तुमाला पोराचं अक्षर वळखू आलं न्हाय?”

“तुला आलं?”

सात वर्षे मुलगा त्यांच्या डोळ्यांसमोर लिहीत बसला होता, आणि त्याने काय लिहिले याचे एक अक्षर दोघांनाही कधी कळले नव्हते. शिकतो आहे, एवढ्यातच त्यांना धन्य वाटत आले होते.

धोंडप्पाला ते सोसवेना. “अवो, एवढं काय? येखादं पान कुटताना आखं ऱ्हायलं असंल, चिकटून बसलं. आन् कारण काय, समदी पोरं एकच लिव्हत्यात. बुखार. म्याबी लिव्हलं व्हतं, आन् त्या दिवशी बोरं खात फिरलो व्हतो.” बोलता बोलता त्याची नजर ओळीच्या वरच्या अंगाला गेली. त्याने चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा लावला.

“सिद्धूनं शाळा सोडून किती सालं झाली?”

“पाच झाली की.”

“इथं वर तारीख घातलीय. साल तेराशे सत्तावन फसली. म्हैना तीर.”

“मंग?”

“कचेरीच्या हिशेबात तेराशे सत्तावन म्हंजे यंदाचं साल,” धोंडप्पा म्हणाला. “आन् तीर ह्योच चालू हाय.”

धपाटे खायला तो थांबला नाही.

५

दुसऱ्या दिवशी शांतम्माने डाळ निवडायला घेतली नाही. ती खिडकीसमोर बसली आणि टोपलीचे तोंड आपल्याकडे केले. ऊन सरळ आत पडत होते. आतल्या भिंतीवर ती ओळ होती, आणि जिथे ती तुटली होती तिथे काळा ठिपका होता. इतर अक्षरे सुकलेली होती. ठिपका ओला होता.

माणसाचे डोळे थकले, की स्थिर वस्तू हलल्यासारखी वाटते, हे तिला माहीत होते. समईच्या ज्योतीकडे पाहताना तसे अनेकदा झाले होते. म्हणून तिने डोळे मिटले, मनात पंचाक्षरी म्हटली आणि पुन्हा उघडले. ठिपका होता तिथेच होता. तिने श्वास रोखला. कुर्र, असा आवाज आला आणि ठिपक्यातून एक रेघ निघाली. केसाएवढी बारीक रेघ, लगद्याच्या ओल्या अंगावर पुढे सरकली, वळली, वर चढू लागली. बोरू दिसला नाही. हात दिसला नाही. अर्ध्या वळणावर रेघ थांबली, आणि शांतम्माला कळले की ती शाई संपली म्हणून थांबलेली नाही. आपल्याकडे कोणी पाहत आहे हे लक्षात आल्यावर लिहिणारा जसा थांबतो, तशी ती थांबली होती.

तिने बाजूचे रिकामे सूप उचलून टोपलीवर पालथे घातले.

संध्याकाळी माणिकप्पा म्हणाला, “मुन्शीला रोज बोलवू. येक येक शब्द वाचू दे. काय झालं ते कळंल तरी.”

“न्हाय.”

“शांते, परमेसरानं दाखिवलंय ते बघायला नको?”

“परमेसरानं दाखिवलं आसतं, तर पुरं दाखिवलं आसतं. असं चोरून लिव्हलं नसतं.” ती चुलीतला जाळ मागे ओढत होती, तिने मान वर केली नाही. “अवो, अर्ज कशाला आसतो? वाचून मंजूर करायला. कारण वाचलं, की रजा मंजूर झाली. मग त्यो कशाला यील?”

आयुष्यभर कचेरीच्या दारात उभे राहिलेल्या माणिकप्पाला त्या बोलण्यात काही वावगे दिसले नाही.

“न वाचल्याला कागद मंजूर होत न्हाय,” शांतम्मा म्हणाली. “ह्या घरात दोघंबी आडाणी हाव त्या लिपीला. बरंच हाय. मुन्शीला सांगा, उंबरा चढू नका.”

६

आवाज आणखी अकरा दुपारी आला. शांतम्मा टोपलीकडे पाठ करून बसे. कोणत्या दिवशी आवाज जोरात आहे, कुठे बोरू बराच वेळ थांबला, हे तिला कळत होते. एकदा तो इतका वेळ थांबला, की तिला वाटले लिहिणाऱ्याला पुढचे लिहवत नाही. तिने देव्हाऱ्यापुढचे भस्म कपाळाला लावले, आणि आवाज पुन्हा सुरू झाला.

बाराव्या दुपारी खिडकीत शांतता होती. तिने हात लावून पाहिले. टोपली आतून बाहेरून वाळली होती, आणि इतर चौघींसारखीच हलकी झाली होती. तिने आत पाहिले नाही. टोपलीवर लुगड्याचा धडपा बांधून तिने ती फडताळात ठेवली. खळ लावली नाही की गेरू लावला नाही.

टोपली पुन्हा भिजवावी, कुटून टाकावी, असे माणिकप्पाने एकदा सुचवले. शांतम्मा म्हणाली, “येकदा निरोप दिला तेवढा बास झाला.”

ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. गावात कोणाच्या घरी कोणाची चिठ्ठी आली, की शांतम्मा त्या घरावरून वळसा घालून जाई. भाद्रपदात राज्य बदलले. उमरग्याच्या सडकेवरून चार दिवस लष्करी गाड्या धावल्या, आणि मग गाव इतके शांत झाले, की लोक एकमेकांच्या दारी जाऊन खात्री करू लागले. आश्विनात तळावरची मुले परतू लागली. धुरपदाबाईच्या भाच्याला गुलाल लावून लोकांनी खांद्यावर घेतले. शांतम्मा भाच्याला विचारायला गेली. तो म्हणाला, “सिद्धू आमच्यासंगं उन्हाळ्यापातूर व्हता, काकू. मग दुसऱ्या तुकडीत गेला. यील की.”

७

तो आला तेव्हा टळटळीत दुपार होती. माणिकप्पा रानात होता. दारात सावली पडली आणि आवाज आला, “आई.”

तो सिद्धूच होता. वाळला होता, काळवंडला होता, दाढी राखली होती. पण गळ्यात लिंग बांधलेला शिवदोरा होता, डाव्या भुवईवर लहानपणीची खोक होती. त्याने वाकून पायाला हात लावला. शांतम्माने त्याचे डोके छातीशी धरले. केसांना धुळीचा वास होता, उन्हाचा होता. ती रडली, आणि रडून झाल्यावर तिने पाणी ठेवले, आंघोळ घातली, ताट मांडले. तो मांडी घालून बसला, पहिला घास मोडण्याआधी त्याने लिंगाला हात लावला. काही म्हणता काही वेगळे नव्हते.

“तुरीची आमटी तुलाच जमती, आई. तळावर डाळीत नुसतं पाणी आसायचं.”

“खा. अजून हाय.”

तो खात होता आणि ती पाहत होती. देवाने दिले ते दोन्ही हातांनी घ्यावे, त्याला उलटे करून पाहू नये, असे ती आजवर दुसऱ्यांना सांगत आली होती. तरीही तिचे पाय फडताळाकडे गेले. तो घरी आला आहे. मग अर्ज खोटा ठरला. आता त्याने तो वाचला तर काय बिघडते? हसेल आणि फेकून देईल. तिला त्याचे ते हसणेच हवे होते.

“सिद्धू, ह्यात तुजं कायतरी शाळंतलं ऱ्हायलंय बग. काय लिव्हलंय?”

त्याने डाव्या हाताने टोपली घेतली आणि आत पाहिले. त्याची नजर डावीकडून उजवीकडे गेली.

ही लिपी उजवीकडून डावीकडे वाचतात, हे त्या राजवटीत जन्म काढलेल्या निरक्षर बाईलाही ठाऊक होते. शांतम्माने स्वतःला समजावले, की गोल टोपलीत सुरुवात कुठली आणि शेवट कुठला. जेवता जेवता नजर कशीही फिरेल. तिने त्याच्या हातातली टोपली जराशी फिरवली. “हितनं बग. हितनं सुरू हाय.”

त्याची नजर पुन्हा डावीकडून उजवीकडे गेली. सावकाश, लक्ष देऊन, काठापर्यंत. मग तो हसला. हसणे सिद्धूचेच होते.

“काय न्हाय, आई. शाळंतला जुना अर्ज. ताप आलाय म्हणून लिव्हलंय.”

त्याने टोपली बाजूला ठेवली आणि आमटीसाठी वाटी पुढे केली. शांतम्माने पळी बुडवली. वाढताना तिला त्याची मान दिसत होती, वाकलेली, भुकेली. नऊ महिने ज्या पाठीसाठी ती देवापुढे बसली होती, ती पाठ हातभर अंतरावर होती आणि श्वासाबरोबर हलत होती.

बाहेर धावत येणारी पावले वाजली. कोणीतरी रानात जाऊन सांगितले असावे. माणिकप्पा उंबऱ्यापाशी थांबला. उन्हातून आल्यामुळे त्याला आतले दिसत नव्हते. धाप लागलेल्या आवाजात त्याने विचारले, “शांते, लोक म्हणत्यात ते खरं का? आपला सिद्धू आला?”

ताटावर वाकलेला चेहरा वर झाला. तो बापाकडे वळला नाही. तो शांतम्माकडे पाहत होता, आणि तिच्या उत्तराची वाट पाहत होता.

“आला,” शांतम्मा म्हणाली.